धुतलेला कचरा

बॉयलरकाकांनी थर्मामीटरचा हातभर लांब दांडा खताच्या ढिगात खुपसला, मनात साठपर्यंत आकडे मोजले आणि वरच्या तबकडीतला काटा पाहिला. एकतीस. बाहेरची हवाच एकोणतीस होती. म्हणजे ढीग तापत नव्हता, नुसता लोळत पडला होता.

गेलं वर्षभर हा ढीग कधी पंचावन्नच्या खाली आला नव्हता. चोवीस घरांचा ओला कचरा, झाडांचा पालापाचोळा, थोडं पाणी आणि काकांचं फावडं, एवढ्या भांडवलावर इमारतीच्या मागच्या कोपऱ्यात, विटांच्या तीन कप्प्यांत काळंभोर खत तयार होत असे. कचरा खाणारे जिवाणू कामाला लागले की ढीग आतून आपोआप तापतो. बॉयलर आणि खत यांत काकांच्या मते फरक एवढाच, की खताला शिट्टी नसते. पण गेल्या तीन आठवड्यांत मधल्या कप्प्यातली ऊब गेली होती आणि तिथून आंबट वास सुटला होता.

हा वास थेट पहिल्या मजल्यावरच्या दंतवैद्यांच्या खिडकीत जायचा. दंतवैद्य आयुष्यभर लोकांच्या उघड्या तोंडांत डोकावलेले, तरी नाकाने भलतेच नाजूक. त्यांनी रहिवासी मंडळाला रीतसर पत्र दिलं होतं: कप्पे पाडावेत, जागेवर फरशी घालावी, दोन गाड्या उभ्या करता येतील. निर्णय रविवारी सकाळी दहाच्या सभेत होणार होता. आज मंगळवार होता.

"काका, वाईट वाटून घेऊ नका," दंतवैद्य खिडकीतून म्हणाले. "पण तुमचा बॉयलर विझलाय."

"विझलेला बॉयलर मी एकतीस वर्षांत पाहिला नाही," काका म्हणाले. "पेटवता न येणारा माणूस मात्र पुष्कळ वेळा पाहिला. रविवारी या खाली."

बोलून तर बसले. काकांचा स्वभावच तो. कारखान्यात बॉयलरवर असतानाही ते आधी शब्द द्यायचे आणि मग पाना शोधायचे. आणि गंमत म्हणजे शब्द पाळायचे.

पण या वेळी त्यांचं खरोखर काही पणाला लागलं होतं. निवृत्तीनंतरचे पहिले आठ महिने ते स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसत आणि काकूंच्या कामावर देखरेख करत. "आच कमी कर, वाफ फुकट चाललीय." "झाकण नीट बसलेलं नाही." चाळीस वर्षं स्वतःच्या चुलीवर राज्य केलेल्या बाईला हे ऐकून घ्यावं लागत होतं. एक दिवस काकूंनी झाकण त्यांच्या हातात ठेवलं आणि सांगितलं, "हे घ्या आणि जिथे बसवायचं तिथे बसवा, पण माझ्या घरात नको." त्या दुपारी काका खाली उतरले आणि मागच्या कोपऱ्यात त्यांनी पहिली वीट ठेवली. कप्पे गेले तर पुन्हा ती खुर्ची होती. त्या खुर्चीत ते हळूहळू म्हातारे होऊ लागले होते, हे त्यांना कळलं होतं आणि त्याचीच त्यांना धास्ती होती.

मंगळवारभर त्यांनी ढीग उलटापालटा केला. कोरडा पाला वाढवला. मूठभर खत दाबून पाहिलं, तर बोटांतून पाणी ठिबकलं. एवढं पाणी आलं कुठून, ते कळेना. पाऊस नव्हता, नळ गळत नव्हता. बुधवारी सकाळी काटा तिशीवर उतरला.

बुधवारी दुपारी मात्र ते चष्मा विसरले म्हणून नेहमीपेक्षा तासभर आधी घरी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून पाण्याचा आवाज येत होता. काकू मोरीसमोर उभ्या होत्या. हातात चाळणी, चाळणीत कांद्याची, बटाट्याची आणि केळ्यांची सालं, शेजारी फरशी पुसायच्या जंतुनाशकाची बाटली. काकूंनी सालं साबणाच्या फेसातून काढली, जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवली, निथळली आणि एका जुन्या टॉवेलवर ओळीने मांडली.

काका उंबऱ्यातच थांबले.

"हे काय चाललंय?"

"दिसत नाही? कचरा धुतेय," काकू म्हणाल्या. आवाजात लाज नव्हती, उलट थोडा तोराच होता. "शनिवारी तुम्ही बादल्या तपासता. माझ्याच बादलीला वास आला तर तुमचं नाक कापलं जाईल. तुमच्या ढिगात घाण गेलेली मला खपायची नाही."

काकांना आधी हसू फुटलं. सात चांदण्या आठवल्या तेव्हा ते हसू जागच्या जागी विरलं.

चांदण्यांची टूम काकांचीच. कारखान्यात ज्या पाळीचं बॉयलरघर चकचकीत असेल तिच्या नावापुढे पितळी बिल्ला लागायचा. त्या बिल्ल्यासाठी दांडगे कामगार कोपऱ्यातलं जळमटसुद्धा सोडत नसत. दोन महिन्यांपूर्वी काकांनी तीच पद्धत जिन्याखालच्या फळ्यावर आणली. दर शनिवारी ते सगळ्या बादल्या ओळीने मांडत, पांढरा रुमाल कडेवरून फिरवत, नाक आत घालून वास घेत आणि ज्या बादलीला डाग नाही, वास नाही, तिला चंदेरी कागदाची चांदणी देत. इमारतीत या चांदण्यांनी भलताच जोर धरला होता. काकूंच्या नावापुढे सात होत्या.

"आणखी कोण कोण धुतं?" काकांनी विचारलं.

"तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंना मीच सांगितलं. त्या विचारत होत्या, तुम्हाला दर वेळी चांदणी कशी मिळते म्हणून. त्यांनी मग समोरच्यांना सांगितलं. आता बहुतेक सगळेच धुतात." काकूंनी टॉवेलवरचं एक साल उलटलं. "दंतवैद्यांकडे तर दवाखान्यातलं तोंड धुवायचं औषध ओततात. त्यांच्या बादलीला पुदिन्याचा वास येतो, तुम्हीच कौतुक केलं होतंत."

काकांनी कपाळाला हात लावला. केलं होतं कौतुक. चांदणीही दिली होती. जे जिवाणू ढीग तापवतात, त्यांना अख्खी इमारत आठवडेच्या आठवडे औषध पाजून मारत होती आणि काका नाक खुपसून, खूश होऊन त्याला बक्षीस देत होते. बॉयलरघरात धूळ नको असते. इथे घाण हेच तर इंधन होतं, आणि ते विझवणाऱ्याला त्यांनी बिल्ले वाटले होते.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "चांदण्या काढतो."

"माझ्यासुद्धा?"

"तुझ्या सगळ्यात आधी."

काकूंनी चाळणी पालथी घातली, टॉवेल पिळून दोरीवर टाकला आणि त्या बाहेरच्या खोलीत जाऊन बसल्या. चाळीस वर्षांत काकांनी त्यांना कधी एक ओळीचं प्रशस्तिपत्र दिलं नव्हतं. त्या सात कागदी चांदण्याच काय त्या दिल्या होत्या. हे काकांच्या लक्षात आलं नाही असं नाही. पण ते फावडं घेऊन खाली गेले.

फळा कोरा झाला. त्यावर काकांनी खडूने लिहिलं: कचरा जसा असेल तसा द्यावा. धुऊ नये. औषध घालू नये. मधला कप्पा त्यांनी रिकामा केला, औषध लागलेला कचरा पाल्यात मिसळून बाजूला वाळत टाकला. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडून पिचके टोमॅटो आणि सडकी पानं आणली, सुका पाला घातला, तिसऱ्या कप्प्यातलं जुनं खत विरजणासारखं दोन टोपल्या मिसळलं आणि संध्याकाळपर्यंत नवा ढीग रचला.

गुरुवारी चौतीस. शुक्रवारी एकेचाळीस. काका शीळ घालत जिना चढले. पण शनिवारी सकाळीही काटा एकेचाळीसवरच होता. कारण काकांना ठाऊक होतं. ढीग कमरेएवढासुद्धा नव्हता, त्यामुळे आत तयार झालेली ऊब बाजूंनी निघून जात होती. माल हवा होता आणि माल येत नव्हता. चांदण्या हिसकावल्याचा राग लोकांना होताच. वर न धुतलेली बादली घेऊन चारचौघांत जिना उतरायची लाज. तीन दिवसांत मिळून पाच बादल्या आल्या होत्या. घरातून एकही नाही. बुधवारपासून काकू त्यांच्याशी मोजकंच बोलत होत्या, आणि काकूंकडे बादली मागण्याचं धाडस, एवढा बॉयलर हाताळलेल्या माणसाला, होत नव्हतं.

"उद्या दहाला ना?" दंतवैद्यांनी खिडकीतून विचारलं.

"दहाला," काका म्हणाले. आवाज ठणठणीत होता. पाठ वळल्यावर मात्र त्यांनी विटांच्या कडेवर बसून घेतलं. पहिल्यांदाच त्यांना वाटलं की आपण हरणार.

तेवढ्यात जिन्यात बादलीचा खडखडाट झाला. काकू उतरत होत्या. बादलीत चहाचा चोथा, काळी पडलेली केळ्याची सालं, अंड्यांची टरफलं आणि वर कसलं तरी चिकट पाणी. वास त्यांच्या दोन पायऱ्या पुढे येत होता. त्यांच्या मागे शिक्षिकाबाई, नाक बाजूला वळवून आणि बादली अंगापासून लांब धरून. त्यांच्यामागे आणखी कोणी, आणखी कोणी. काकूंनी सकाळपासून प्रत्येक दार वाजवलं होतं आणि स्वतःची बादली नाकासमोर धरून एकच सांगितलं होतं: "ही माझी. सात चांदण्यांवाल्या बाईची. आता तुमची आणा."

काकांनी मान वर केली. काही बोलावं म्हणून तोंड उघडलं.

"बोलू नका," काकू म्हणाल्या. "फावडं मारा. दुपार होत आली."

एकवीस बादल्या आल्या. काकांनी थर रचला, पाला घातला, पुन्हा थर रचला. ढीग छातीपर्यंत चढला.

रविवारी सकाळी दहाला सभा कप्प्यांपाशीच भरली. सेक्रेटरीबाईंनी पत्र वाचलं आणि विचारलं, "काका, तुम्हाला काही म्हणायचंय?"

"आधी चूक सांगतो," काका म्हणाले. "ढीग बिघडला तो माझ्यामुळे. स्वच्छ बादलीला चांदणी देण्याची अक्कल माझी. तुम्ही सगळ्यांनी मन लावून कचरा धुतलात. त्यात तुमचा दोष नाही."

"आम्ही काही धुवत नव्हतो," दंतवैद्य म्हणाले.

"नाही, तुम्ही त्याच्याकडून गुळण्या करून घेत होता," शिक्षिकाबाई म्हणाल्या. सगळे हसले. दंतवैद्यांचे कान लाल झाले, आणि त्यांच्याही ओठांचा कोपरा हलला.

काकांनी लोखंडी सळई घेतली आणि ढिगात खोल घातली. कारखान्यातली ही जुनी रीत. काट्यावर विश्वास नसेल त्याने हाताने पाहावं. पाच मिनिटं ती तशीच ठेवली. ढिगाला वास होता, पण आंबट नव्हता. ओल्या मातीसारखा होता. काकांनी सळई ओढली आणि आत तापलेलं टोक दंतवैद्यांपुढे केलं.

दंतवैद्यांनी ती मुठीत धरली, झटकन दुसऱ्या हातात घेतली आणि लगेच काकांना परत दिली.

"किती आहे?" सेक्रेटरीबाईंनी विचारलं.

"अठ्ठावन्न," काका काट्याकडे न पाहताच म्हणाले. दंतवैद्यांनी ढिगात खोवलेल्या थर्मामीटरकडे वाकून पाहिलं. सत्तावन्न होतं.

"एक अंश कमी आहे," ते म्हणाले, आणि हळूच सेक्रेटरीबाईंच्या हातातून आपलं पत्र घेऊन त्यांनी त्याची घडी केली. "हा कागद ओल्यात टाकायचा की सुक्यात?"

हात वर झाले. कप्पे राहिले. लोक पांगले, काकांनी थर्मामीटर उपसून हातात घेतला, आणि काकू आजची बादली घेऊन पुढे आल्या. सवयीने काकांनी नाक आत घातलं. वास एवढा भयंकर होता की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"उत्तम," ते म्हणाले. हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला. खिशात चांदणी नव्हती. "तू नसतीस तर हे पेटलं नसतं," ते म्हणाले. हे वाक्य त्यांना चाळीस वर्षांत जमलं नव्हतं.

काकूंनी ते ऐकून घेतलं. मग त्यांच्या हातातला थर्मामीटर काढून घेतला, ढिगात खुपसला आणि काट्याकडे पाहत म्हणाल्या, "दांडा नीट बसलेला नाही. वाफ फुकट चाललीय."