आधी वाचा, मग अंगठा

पायलनं वक्तृत्व स्पर्धेला विषय घेतला तोही कुठला, तर पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतली गुलामीविरुद्धची भाषणं! सांगोल्याकडच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या घरातली पोर ती. तिचं ऐकणार कोण? आजी, तानाबाई. कोकरांना पाजता पाजता ती रोज ऐकायची.

"गुलामीतून पळून आलेला माणूस गावोगाव बोलायचा," पायल सांगायची. "सभागृहाला कुलूप घातलं, तर झाडाखाली उभा राहायचा. गावच्या पुढाऱ्यांना तोंडावर विचारायचा, तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

"आन् मालकानं वळखून धरून न्हेला म्हंजे?"

"ती भीती होतीच की."

"तरी बोलला?"

"बोलला."

"लई छातीचा की गं!" तानाबाई म्हणाली.

त्याच आठवड्यात ग्रामसभा भरली. आता आपल्याकडची रीत काय विचारता! आधी कोऱ्या पानावर सह्या-अंगठे, ठराव मागाहून निवांत लिहायचा. सगळ्या गावाला ठाऊक, पण कुणी हूं की चूं करत नाही. या खेपेला कुणकुण होती, मेंढरांचं गायरान कुठल्याशा कंपनीला द्यायचं घाटतंय. आणि तानाबाईचं घरकुल सरपंचाच्या हातातल्या यादीत अडकलेलं.

पहिला नंबर तिचाच, पायल शेजारी बसलेली. ग्रामसेवक नंदीश भाऊसाहेबांनी शाईचा पॅड पुढं सरकवला. तानाबाईनं हात पदराखाली घेतला.

"आदी ल्ह्या. वाचा. मग अंगठा."

"आजी, घरकुल पाहिजे ना?" सरपंच हसत म्हणाले.

म्हातारी उठून उभी राहिली. "खोडा माजं नाव. पालात जल्म गेला, ऱ्हायलेला बी जाईल. पर गायरान गेल्यावर मेंढरं कुटं चारू?"

काय बाई म्हणावी ही! भाषणं पाठ करणाऱ्या पायलचे डोळे भरून आले. मागचे गुंडातात्या उठले, मग बिरुदेव, मग बायका. वहीला कुणी हात लावेना, आणि सह्यांवाचून तर सभा कागदावर येत नाही. शेवटी भाऊसाहेबांनी सगळ्यांदेखत लिहिलं, गायरान कुणालाही द्यायचं नाही.

"आता वाचा," गुंडातात्या म्हणाले.

"त्येंनी नगं." तानाबाईनं वही ओढून नातीच्या हातात दिली. "हिला वाचू द्या."

सगळं गाव पायलकडं बघत होतं, सरपंचसुद्धा. तिनं वाचायला सुरुवात केली, पण पहिली ओळ तिची तिलाच ऐकू आली नाही.

"मोठ्यानं वाच की," आजी म्हणाली. "मागं पोचत न्हाय."