समुद्रापारचा उखाणा

सोलापूरबाहेर कुंभारीच्या रस्त्याला पत्र्याची एक शेड. आत सात चुली, सात तवे, सात बाया. सकाळी आठाला थापथाप सुरू झाली की वाटावं, कुणाची वरातच दारात आली. पापडासारखी पातळ भाकरी थापायची, भाजायची, चुलीच्या कडेला उभी करून कडक वाळवायची. मग ती महिनाभर खराब होत नाही. हात पिठात अडकलेले, तोंड मात्र मोकळं. म्हणून शेडच्या मालकीण मुक्ताबाईंनी शेडला एक कायदा घालून दिला होता. एकीनं उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतलं की ती जिच्याकडं बोट करील, तिनं उलट उखाणा घ्यायचा. चुकली तिला चहा नाही.

सायबर पोलीस ठाण्याची हवालदार मेहनाज शेख काखेत फाईल मारून आत शिरली, तेव्हा नेमका रंभाबाईचा उखाणा संपला होता. रंभाबाईनं पिठाचं बोट थेट वर्दीवर रोखलं. मेहनाज म्हणाली, मी ड्युटीवर आहे. बायांनी एकमतानं ठरवलं की ड्युटी उखाण्याच्या आड येत नाही. मॅडमचं नाव बाकी राहिलं.

मेहनाज हसली खरी, पण काखेतली फाईल तिला दगडासारखी लागत होती. ती कडेच्या चुलीवरच्या जगदेवीची होती.

आठ महिन्यांपूर्वी जगदेवीला व्हिडिओ कॉल आला होता. समोर वर्दीतली बाई. तुमच्या नावावर गुन्हा आहे, तुम्ही घरातच अटकेत आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. दोन दिवस बिचारी हलली नाही. लेकीच्या नर्सिंगच्या फीचे पैसे गेले, आणि पैशांमागोमाग तिचा आवाजही गेला. अक्कलकोटकडची ही बाई कानडी-मराठीची खिचडी करून सगळ्या शेडला हसवायची. आता मुकाट थापायची. तिच्याकडं बोट झालं की चहा सोडायची.

मेहनाजनं माग काढला होता. माग थेट समुद्रापलीकडं गेला, तिकडल्या कुठल्याशा इमारतीत, जिथं मजल्यामजल्यावर माणसं बसून हाच धंदा करतात. मग पत्र निघालं. सोलापूरहून मुंबई, मुंबईहून दिल्ली, दिल्लीहून वकिलात, तिथं त्या देशाच्या भाषेत भाषांतर. सहा महिन्यांनी उत्तर आलं: आरोपीचं नाव आणि पत्ता कळवा. मेहनाजनं नेमकं तेच तर विचारलं होतं. साहेब म्हणाले, आता किती दिवस अज्ञाताच्या मागं पळणार? सोमवारी ‘अ समरी’ लावून टाका. म्हणजे गुन्हा खरा, गुन्हेगार मिळाला नाही, फाईल बंद. तेवढंच जगदेवीला सांगायला ती आली होती, आणि जीभ उचलत नव्हती.

तेवढ्यात मुक्ताबाईंचा फोन वाजला.

व्हिडिओ कॉल. मुक्ताबाईंनी कोपरानंच तो उचलला आणि फोन शेंगाचटणीच्या डब्याला टेकवून ठेवला. पडद्यावर वर्दीतली बाई कडक हिंदीत म्हणाली, तुमच्या पार्सलात बेकायदा माल सापडलाय.

मेहनाज एका उडीत ज्वारीच्या पिठाच्या पोत्यांआड. तिथूनच तिनं हातानं खूण केली: ताणा, बोलत ठेवा. मुक्ताबाईंना बोलत ठेवा म्हणायचं म्हणजे ओढ्याला वाहत राहा म्हणायचं. त्यांनी सांगितलं की पार्सलात भाकरीशिवाय काही जात नाही, आणि भाकरीत मीठसुद्धा नसतं.

जगदेवीचा हात मात्र परातीवरच थांबला होता. तिच्या फोनातले सगळे नंबर तेव्हाच चोरांनी उचलले होते, म्हणून आज पाळी मुक्ताबाईंची. ती पोत्यांकडं वळली आणि ओठांनीच म्हणाली, हीच ती.

पडद्यावरची बाई कागदावरचं वाचत पुढं सरकली. पूर्ण नाव? सांगितलं. पतीचं नाव?

सगळ्या बायांनी माना वळवल्या. मुक्ताबाईंच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, आणि त्यांनी ते नाव नुसतं असं कधीच उच्चारलं नव्हतं. त्यांनी पदर सावरला.

“ज्वारीच्या पिठाला आधण घालते कडक,
रावजींचं नाव घेते, पोलीस आले तरी बेधडक.”

साती तव्यांवरून हसू उसळलं. पडद्यावरच्या बाईच्या ओठांचा कोपरा हलला. आणि मग, आठ महिने गप्प असलेल्या जगदेवीनं पिठाचा हात उचलला आणि बोट फोनकडं रोखलं.

“आता तुमी घ्या की, बाई. हितला कायदाच हाय तसा.”

ती बाई कुठल्या तंद्रीत होती कोण जाणे. थापथाप ऐकली असेल, चुलीचा धूर दिसला असेल. डोकं आडवं यायच्या आत तोंड धावलं, आणि तेही कडक हिंदीत नाही:

“कमळाभवानीच्या बारवेला पायऱ्या शहाण्णव,
करमाळ्याच्या उंबऱ्यात घेते विरेशरावांचं नाव.”

आणि तिनं झटकन तोंडावर हात ठेवला.

कुणी हसलं नाही. जगदेवी पुढं सरकली. दोन दिवस जिनं तिला खुर्चीला खिळवलं होतं, तिला काय काय सुनवायचं हे तिनं रात्रंदिवस घोकलं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

“जेवलीस का गं?”

पोरीचे डोळे भरले. “मावशी, आमाला बाहेर सोडत न्हाईत—” मागून कुणीतरी पुरुष खेकसला आणि पडदा काळा झाला.

पोत्यांआडून मेहनाज बाहेर आली ती पांढरीफटक, भुवयांपर्यंत पीठ. तिनं तिथंच बसून करमाळ्याच्या ठाण्याला फोन लावला. विरेश नावाचा कुणी? पलीकडचा हवालदार कंटाळून म्हणाला, आहे की, दर सोमवारी येतो. बायको पिंकी, परदेशात टायपिंगची नोकरी म्हणून गेली ती बेपत्ता. फोन काढून घेण्याआधी तिनं नवऱ्याला राहण्याच्या जागेचा नकाशा पाठवला होता, इमारतीच्या फोटोसकट. तो कागद वर्षभर तिथल्या कपाटात पडून होता; कोणत्या गुन्ह्याला जोडावा हे कुणाला कळलं नव्हतं.

मेहनाजला एकाच वेळी रडू आणि हसू आलं. मग ती हसलीच, पीठ उडवत, पोट धरून, आणि तिच्यामागं सगळी शेड.

पत्राला आता तीच वाट होती: मुंबई, दिल्ली, वकिलात. पोचायला किती दिवस लागतील, ती इमारत तोवर रिकामी होईल का, हे तिलाही ठाऊक नव्हतं. पण सोमवारी फाईल बंद करायचा अर्ज तिनं दुमडून चुलीत सारला. कोऱ्या कागदावर इमारतीचा पत्ता लिहिला. पिंकीचं नाव लिहिताना पेन आरोपीच्या रकान्यावर थबकलं. तिनं जगदेवीकडं पाहिलं.

“साक्षीदार लिवा,” जगदेवी म्हणाली. “जाब मी विचारीन तिला. आधी घरी येऊ द्या.”

चहा आला. रंभाबाईनं मेहनाजच्या हातातला कप वरच्यावर काढून घेतला. बाकी राहिलेलं नाव कुणी विसरलं नव्हतं. मेहनाजनं कपाळावरचं पीठ पुसलं, टोपी सरळ केली.

“सात समुद्रांपार निघाली फाईल, पडला तिच्यावर शिक्का,
शाकीरचं नाव घेते, साक्षीदार मिळाला पक्का.”

कप मिळाला. मग मेहनाजनं बोट जगदेवीकडं केलं. जगदेवीनं आठ महिन्यांचा चहा एका घोटात प्यावा तसा कप रिकामा केला, पदर खोचला आणि ईश्वरप्पांचं नाव अर्धं कानडीत, अर्धं मराठीत असं काही घेतलं, की रंभाबाईच्या तव्यावरची भाकरी करपून काळी झाली तरी कुणी उठलं नाही.