झाकणावरचे ओरखडे

"हनुवटी टेकवा काका, आणि हिरव्या फुलीकडे बघा," मशीनवरची मुलगी म्हणाली.

दादांनी हनुवटी टेकवली, पण कान मागे उभ्या असलेल्या धाकट्या भावाकडे होते. कंपवाताच्या डॉक्टरांनी डोळ्यांचा फोटो काढायला सांगितलाय, असं धाकट्याचं म्हणणं. दादांना त्यात काहीतरी काळंबेरं वाटत होतं. दोघांच्या रंगाच्या दुकानात गिऱ्हाइकाला हवी ती छटा जुळवून देणारी खुर्ची दादांची. हात थरथरायला लागले तरी त्यांनी ती सोडली नव्हती. आता डोळेही गेले म्हटलं की धाकट्याला रान मोकळं.

संशय उगीच नव्हता. संध्याकाळी स्वतः ठोकून बंद केलेल्या डब्यांच्या झाकणांवर सकाळी बोटाला नवे ओरखडे लागत. म्हणून झाकण उघडायची पट्टी दादा आठवडाभर खिशात घालून फिरत होते, झोपतानासुद्धा.

स्क्रीनवर डोळ्याच्या आतले थर उमटले, भिंतीला रंगाचे एकावर एक हात दिल्यासारखे. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी एका थरावर बोट ठेवलं.

"हा जरा पातळ झालाय. कंपवात असलेल्या काही जणांत असं दिसतं. नुसत्या फोटोवरून सगळं ठरत नाही, पण जवळजवळचे रंग ओळखताना गडबड होते का?"

"माझी नाही होत," दादा म्हणाले.

बाहेर बाकावर बसल्यावर त्यांनी सरळ विचारलं, "डबे तू उघडतोस?"

धाकटा बुटांकडे बघत म्हणाला, "उघडतो."

"माझं नाव घालवायला?"

"पोपटी मागितला तर करडा बनतोय, दादा. गिऱ्हाईक न्यायला यायच्या आत सुधारून ठेवतो. लोक तुझ्या हातच्या रंगासाठी येतात."

"आणि पट्टी माझ्याकडे असताना?"

"चमच्याने. दोन वाकले."

"मला सांगायला तोंड नव्हतं?"

"तू ऐकलं असतंस?"

दादांना भयंकर राग आला होता, आणि तो कोणावर काढावा तेच कळेना.

दुसऱ्या दिवशी एक बाई पडद्याच्या कापडाचा तुकडा देऊन गेल्या. भिंतीला तसाच रंग हवा होता. दादांनी रंग मिसळला, पण झाकण लावलं नाही. खिशातली पट्टी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. हात कापत होता, त्यामुळे ती खडखडली.

"चमचे घरी ठेव," ते म्हणाले. "काय घालायचं ते माझ्यासमोर घाल."

धाकट्याने थोडा पिवळा घातला. दादा बराच वेळ ढवळत राहिले. त्यांना रंग मघाशी होता तसाच दिसत होता.

"जमला," ते म्हणाले, आणि त्यांनी झाकण ठोकायला घेतलं.