सरसाचा सांधा

मी एक जुना चेलो आहे. कपाट नव्हे, शोभेची वस्तू नव्हे, चेलो! मित्रांनो, हे आधीच ठणकावून सांगतो, कारण मध्यंतरी माझे कपाट करण्याचा घाट घातला गेला होता. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ समजा. मी काही खांद्यावर मावत नाही. वादकाने खुर्चीत बसून मला गुडघ्यांत धरायचे आणि गज फिरवायचा. माझा आवाज भरदार आहे, आणि स्वभाव कसा आहे ते तुम्हाला कळलेच असेल.

उताराच्या गल्लीत, जिन्याखालच्या एका खोलीत म्हाताऱ्या कारागिराने मला घडवले. पोटाची फळी तासताना तो तिच्यावर टिचकी मारायचा, कान लावायचा, मान हलवायचा आणि पुन्हा रंधा हातात घ्यायचा. माझे सांधे त्याने सरसाने जोडले. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्यापासून केलेला, गरम करून लावायचा डिंक. तो त्याने अगदी पातळ लावला. मला तेव्हा वाटले, म्हातारा चिक्कू दिसतो!

पुढे मी एका संगीतशिक्षिकेच्या घरी आलो. सगळे त्यांना बाई म्हणतात, मीही तेच म्हणतो. घर बंदराजवळ आहे आणि वर्षातले तीन महिने वादळांचे असतात. त्या दिवसांत मिठाला पाणी सुटते, दारे चौकटीत अडकून बसतात. हवेतला ओलावा पिऊन लाकूड फुगते, आणि मी तर नखशिखांत लाकूड. पण बाई मला डोळ्यांत तेल घालून जपत. बाहेरच्या भिंतीला कधी टेकवत नसत, स्वयंपाकघराच्या वाफेजवळ नेत नसत. मला ठेवायच्या पेटीत ओलावा शोषणाऱ्या पुड्या आणि भिंतीवर दमटपणा दाखवणारा काटा. काटा चढला की तारा जराशा सैल करायच्या. सगळ्या एकदम नाही हं! तारांच्या दाबावरच त्यांच्याखालची घोडी उभी असते. दाब गेला की ती कोसळते.

एवढे जपूनही एका वर्षी वादळ आठवडाभर मुक्कामच ठोकून बसले आणि माझ्या कडेचा सांधा वीतभर सुटला. शाळेचा कार्यक्रम चार दिवसांवर आला होता. वाद्ये दुरुस्त करणाऱ्या काकू, म्हणजे त्या कारागिराची मुलगी, त्यांच्या गल्लीत कमरेइतके पाणी होते. तेव्हा बाईंचे धाकटे दीर पुढे सरसावले. बाई त्यांना भावजी म्हणतात. भावजी बोटी बांधतात.

"वहिनी, हा सरस नावालाच सरस," ते म्हणाले. "आमचा डिंक लावतो. समुद्रात बोट सुटत नाही, तर हे काय सुटतंय!"

कार्यक्रम झोकात झाला. भावजी घरभर कॉलर ताठ करून फिरले.

पुढच्या वर्षी पुन्हा वादळ आले आणि मी फुगलो. मग ते सरले, कोरडे वारे वाहू लागले, तसा मी आक्रसू लागलो. लाकूड आत ओढत होते आणि भावजींचा डिंक हटून बसला होता. शेवटी भर दुपारी, शिकवणीच्या मुलांसमोर, माझे पोट वरपासून खालपर्यंत तडकले. बाईंनी गज फिरवला, तर रिकामा डबा वाजावा तसा आवाज आला. बाई मुलांसमोरच रडल्या.

भावजींचे तोंड एवढेसे झाले. चार दिवसांनी ते हळूच म्हणाले, "फेकायला नको, वहिनी. आत फळ्या ठोकतो, पुस्तकांचं छान कपाट होईल."

कपाट! मी! संतापाने माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण भांडणार कसा? पलीकडच्या खोलीत बाई मुलांना सूर लावून देत होत्या. त्या सुराला माझी एक तार आपोआप गुणगुणली. फुटक्या पोटानिशी, पण सुरात! मी तो सूर जमेल तेवढा धरून ठेवला. बाई दारात आल्या, ऐकत उभ्या राहिल्या. "कपाट-बिपाट काही नाही," त्या म्हणाल्या. "भावजी, उचला याला."

काकूंनी माझ्या कडेवरून बोट फिरवले. "हा पराक्रम कोणाचा?"

"माझा," भावजी म्हणाले. "घट्ट राहावं म्हणून..."

"बाबा सरस पातळ लावायचे, ते काय कंजूष म्हणून? अहो, ताण आला की सांधा सुटतो, म्हणून लाकूड वाचतं. सुटलेला सांधा मी तासाभरात लावते. फुटलेल्या पोटाला महिने लागतात."

"पण वाजेल ना?" बाईंनी विचारले.

"वाजेल. व्रण राहील."

राहू दे! तो व्रण मी मिरवतो. काकूंनी बोटीचा डिंक कणाकणाने खरवडला, तडा आतून सांधला आणि माझ्या कडा पुन्हा पातळ सरसाने जोडल्या. म्हाताऱ्याला चिक्कू म्हटल्याबद्दल मी मनोमन कान धरले.

यंदाच्या वादळात बाई वाजवत होत्या आणि भावजी ऐकत बसले होते. एकाएकी कडेला "टक्" असा आवाज झाला. बाईंचा गज थांबला. भावजी धावत आले, गुडघ्यांवर बसले, आधी माझ्या पोटावरून हात फिरवला, मग कडेवरून.

"सुटला! वहिनी, सांधा सुटला!" ते लहान मुलासारखे हसत ओरडले. "लाकूड शाबूत आहे!" मग त्यांनी बोटीवरची ताडपत्री माझ्या पेटीभोवती गुंडाळली आणि मला पाठीवर घेऊन काकूंची गल्ली गाठली.

मित्रांनो, वाद्यांना ओलाव्यापासून जपा. वादळाच्या दिवसांत काट्यावर नजर ठेवा, पुड्या बदला, कोरडा हात फिरवा. पण जपायचे म्हणून आम्हाला जखडू नका. आम्हाला थोडे सुटू द्या, पुन्हा जोडून घ्या. मोठ्या संकटातून वाचलात की तुम्ही काय म्हणता? त्या दिवशी ताडपत्रीच्या आत मीही तेच म्हणालो.

सुटलो!