आवाजाच्या मागावर

"बाबा, ते काय वाजतंय?" भिंगरीने खिडकीच्या गजांमध्ये नाक खुपसून विचारलं.

"कुठे काय वाजतंय?"

"तेच. टिण्, टिण्. ऐक ना!"

कवळीवाल्याने हातातला कप खाली ठेवला आणि कान दिला. खरंच वाजत होतं. लांबून, बारीक, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखं. मध्येच थांबायचं, मग पुन्हा लागोपाठ. ह्या घरात राहायला आल्यापासून तो आवाज त्याच्या कानावर पडत असणार, पण त्याने तो ऐकला असा आजच.

"असेल काहीतरी."

"काहीतरी म्हणजे काय?"

पाच वर्षांच्या पोरीच्या ह्या प्रश्नावर त्याने कप पुन्हा उचलला. तो नाकासमोर चालणारा माणूस. घर, बसथांबा आणि दातांच्या दवाखान्यामागची ती अरुंद खोली, जिथे तो दिवसभर मान खाली घालून लोकांच्या कवळ्या घासत बसायचा, एवढाच त्याचा मुलूख. त्या कवळ्या घालणारी माणसंही त्याने फारशी पाहिलेली नव्हती. मापासाठी काढलेले त्यांचे प्लास्टरचे जबडे तेवढे ओळखीचे.

"आईला विचार," तो बोलून गेला आणि लगेच त्याने जीभ चावली.

आई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. शेजारी धाकटी, दुपट्यात घट्ट गुंडाळलेली. भिंगरीने तिचं नाव ठेवलं होतं गाठोडं, आणि तेच घरात चालू झालं होतं.

आई म्हणजे बसची कंडक्टर. खच्चून भरलेल्या बसमध्ये तिने पुढच्या दारातून हाक मारली की मागच्या बाकावरच्या माणसाचा हात आपोआप खिशात जायचा. उतारूंशी भांडायची, म्हाताऱ्यांना जागा करून द्यायची, आणि घरी येऊन त्या सगळ्यांच्या नकला करून नवऱ्याला हसवून हसवून बेजार करायची. गाठोडं झाल्यापासून मात्र ती तोंडातून ब्र काढत नव्हती. बाळाचं दूध, अंघोळ, लंगोट सगळं वेळच्या वेळी करायची, आणि झालं की भिंतीकडे वळायची.

गाठोडं झालं त्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी औषध सुरू केलं होतं. कवळीवाल्याला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या होत्या, "बाळंतपणानंतर बऱ्याच जणींना होतं हे. बऱ्या होतील. पण औषध सोडू नका, आणि त्यांना जरा बाहेर काढा. चार भिंतींत ठेवू नका."

त्याने विचारून पाहिलं होतं. ती म्हणायची, "तू जा." आणि आग्रह करणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

"आपण बघून येऊ या का?" भिंगरी म्हणाली. "काय वाजतंय ते?"

तो आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. "अगं, आम्ही जरा खाली जाऊन येतो. येतेस?"

"तू जा."

नेहमीसारखा तो मागे वळला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा आत गेला आणि गाठोडं उचललं. "बरं. मग हिला पण नेतो."

त्याने बाळाला टोपी घातली. बाळाने तोंड वेडंवाकडं केलं. त्याने टोपी काढली, फिरवली, पुन्हा घातली. आता ती नाकापर्यंत खाली आली. बंद सापडेनात. भिंगरी मदतीला धावली आणि दोघांनी मिळून एक बंद बाळाच्या कानावरून काढला.

"अरे, काय करतोयस!" भिंतीकडून आवाज आला. "उलटी आहे ती. शिवण आत गेली पाहिजे. दे इकडे."

ती उठून बसली, टोपी सुलटी केली, बांधली. बाळाला त्याच्या हातात परत देताना तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. मग त्याच्या तोंडाकडे.

"पायऱ्यांवर एका हाताने धरशील तू हिला," ती म्हणाली. "मला चपला घालू दे."

त्याने बाळाला छातीशी धरून दार उघडलं. बोललो तर ती पुन्हा आडवी होईल, अशी त्याला धास्ती होती.

खाली आल्यावर भिंगरीने मोहिमेचा ताबा घेतला. प्रत्येक कोपऱ्यावर ती कानामागे हात धरून उभी राहायची आणि मग ठामपणे बोट दाखवायची. बसथांबा उजवीकडे होता, त्यामुळे कवळीवाल्याचे पाय सवयीने तिकडेच वळले. भिंगरीने त्याला शर्टाला धरून डावीकडे ओढलं.

डावीकडे तो कधी गेलाच नव्हता. तिथे एक माणूस मोडक्या खुर्च्यांच्या पाठी विणत बसला होता. एका घराच्या गच्चीवरून कुणीतरी कबुतरं उडवत होतं. किल्ल्या करणाऱ्याच्या टपरीपाशी आवाजाबद्दल विचारलं तर तो म्हणाला, "आमचाच असेल, दुसरा कुणाचा?" आणि कानस घासून दाखवली. "हा नाही," भिंगरी म्हणाली. पुढे बाकावर बसलेल्या आजीबाईंना विचारलं. त्यांनी प्रश्न दोनदा वदवून घेतला आणि म्हणाल्या, "शाळेची घंटा असेल."

"पण आज तर सुट्टी आहे, आजी."

"मग सुट्टीची घंटा असेल," आजीबाई म्हणाल्या आणि स्वतःच खूश झाल्या.

मध्येच आवाज थांबला तो सुरूच होईना. ती सगळी गोदामांच्या मागच्या गल्लीत येऊन पोचली होती. दोन्हीकडे उंच भिंती, समोर पत्र्याचं बंद दार. कवळीवाल्याला धाप लागली होती. गाठोडं जागं होऊन रडायला लागलं.

"चला, परत जाऊ," तो म्हणाला. "भूक लागली तिला."

"पाजते इथेच," आई म्हणाली. भिंतीच्या सावलीत सिमेंटचा एक मोठा पाइप आडवा पडला होता. त्यावर ती बसली आणि ओढणी अंगावर घेतली. भिंगरी पाइपात शिरून आरपार हाका मारू लागली. कवळीवाला बायकोकडे अर्धवट पाठ करून, आडोसा धरून उभा राहिला.

गाठोड्याचं रडणं थांबलं.

"तुला एक सांगू?" ती म्हणाली. खूप दिवसांनी तिने अशी सुरुवात केली होती. "ही मला माझी वाटत नाही. कुणीतरी सांभाळायला ठेवलीय, आणि आत्ता येऊन घेऊन जाईल, असं वाटतं. आई आहे मी तिची. असं वाटणं बरं आहे का?"

अशा वेळी चांगला माणूस काय बोलतो ते कवळीवाल्याला माहीत नव्हतं. त्याला जे माहीत होतं तेच तोंडात आलं.

"कवळीचं पण तसंच असतं," तो म्हणाला.

"काय?"

"म्हणजे... नवीन कवळी बसवली ना, की पहिले काही दिवस माणसाला नको नको होतं. तोंडात कुणी दगड ठेवलाय म्हणतात. बोलता येत नाही, गिळता येत नाही. काही जण तर परत आणून टाकतात, ही माझी नाहीच म्हणून. माझ्याकडे पाठवतात मग. मी तपासतो, तर मापात असते अगदी. जरा इकडेतिकडे घासायची, आणि वेळ द्यायचा. आणि मग एक दिवस माणूस विसरूनच जातो, की..."

तो थांबला. तिच्या चेहऱ्याकडे बघायची त्याला हिंमत होईना.

"तू माझ्या लेकीला कवळी म्हणालास?"

"नाही गं, मी फक्त..."

"कवळी म्हणालास तू तिला!" तिचे खांदे हलायला लागले. आधी त्याला वाटलं, रडतेय. ती हसत होती. हसता हसता डोळ्यांतून पाणीही येत होतं, आणि ती ते पुसतही नव्हती. "एक दातसुद्धा नाही रे पोरीला अजून!"

पाइपातून भिंगरीचं डोकं बाहेर आलं. "आई हसली?"

"बाबा वेडा आहे तुझा," आई म्हणाली.

तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली, आणि टिण्, टिण्, टिण्. अगदी जवळ. भिंतीच्या मागेच.

"मी परत जातो म्हणत होतो," कवळीवाला म्हणाला.

"आता? इतकं आल्यावर?" आईने बाळाला खांद्यावर घेतलं. "गप चल."

पत्र्याच्या दाराच्या कडेने एक बोळ होता, एकावेळी एकच माणूस जाईल असा. भिंगरी पुढे, मागे आई, शेवटी पोट आत घेऊन कवळीवाला. बोळ संपला आणि चौघंही उघड्यावर आली.

केवढं तरी मोठं मैदान होतं. कडेने धावपट्टी, तिच्यावर मधूनमधून गवत उगवलेलं. दोन म्हातारे हात हलवत फेऱ्या मारत होते. मधोमध एक उंच लोखंडी खांब होता, झेंड्याचा, पण वर झेंडा नव्हता. रिकाम्या दोराच्या टोकाला एक कडी होती, आणि वारा आला की ती खांबावर आपटत होती.

"एवढंच?" भिंगरी म्हणाली. पण ते म्हणून होईपर्यंत ती पळत सुटलीही होती.

पांढऱ्या भुकटीने पट्टीवर रेघा मारणारी एक बाई बादली घेऊन जवळ आली. मैदानाची राखण तीच करत असावी. "बोळातून कशाला आलात? पलीकडे मोठं फाटक आहे की." आणि मग, ही दोघं वर खांबाकडे बघतायत हे पाहून म्हणाली, "त्रास होतो का घरी आवाजाचा? तक्रार असेल तर बांधून टाकते दोर."

"नाही हो, तक्रार नाही," आई म्हणाली. "कुठून येतो तेवढं बघायला आलो होतो."

"बघायला?" बाई हसली. "मग आलाच आहात तर एक फेरी मारा. रेघ ताजी आहे, पुसू नका."

आईने बाळाला सावरलं आणि निघाली. कवळीवाला तिच्याबरोबर निम्म्या फेरीपर्यंत टिकला. मग गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. भिंगरी एकदा त्याला ओलांडून गेली आणि जाताना आईच्या बसमधल्या सुरात म्हणाली, "बाबा, पट्टी अडवू नका."

त्यानंतर सगळं एकदम छान झालं असं नाही. औषध चालूच होतं. काही दिवस ती मुळीच उठायची नाही, आणि त्या दिवशी कवळीवाला मुकाट्याने दोघींचं करायचा. पण सुट्टी आली की भिंगरी कोपऱ्यावर उभी राहायची आणि बोट दाखवायची, आणि बहुतेक वेळा चौघंही निघायची. जुन्या पुलाखालचा ओढा त्यांनी असाच शोधला. त्याच्या पलीकडची रोपवाटिका, मग टेकडीकडे जाणारी ती पायवाट. कवळीवाल्याला पट्ट्याचं एक भोक आत घ्यावं लागलं. दातांच्या दवाखान्यातल्या लोकांना तो आता जेवणाच्या वेळी, न विचारता, रस्ते सांगायला लागला होता.

एका संध्याकाळी तो कामावरून आला तर दाराला बाहेरून कुलूप.

ती एकटी दोघींना घेऊन कधीच बाहेर पडली नव्हती. नको ते सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. त्याने कुलूप ओढून पाहिलं, उगीचच दारावर थाप मारली. किल्ली त्याच्याजवळ नव्हती. घरी कायम कुणीतरी असायचंच, म्हणून ती बरोबर न्यायची सवयच सुटली होती.

थापेने पलीकडचं दार उघडलं. शेजारच्या काकू हात पुसत बाहेर आल्या.

"अहो, त्या तिघी गेल्यात मघाशीच. मी विचारलं, एवढ्या लगबगीने कुठे? तर म्हणाली, टेकडीच्या मागे उतरायला वाट आहे का ते बघून येतो. मोठी तर पुढे पळत होती."

"एकटीच गेली?"

"एकटी कसली, दोन पोरी आहेत की! मलाच म्हणाली, काकू, सरका जरा, वाट द्या." काकूंना ते आवडलं असावं. "आत येऊन बसा. उशीर होईल त्यांना."

त्याने खिशातून फोन काढला. तिचं नाव काढलं, बोट त्यावर नेलं, आणि फोन परत खिशात ठेवला.

"नको काकू," तो म्हणाला. "बसतो इथेच. बरं आहे इथे."

त्याने बूट काढून बंद दाराशेजारी नीट जोडून ठेवले, डब्याची पिशवी मांडीवर घेतली, आणि पायरीवर पाय पसरून निवांत बसला.