सावल्या कोणी पुसल्या

बारा बाय आठ फुटांचं माझं चित्र बॅनर छापणाऱ्या दीपेशने त्याच्या दुकानाच्या फरशीवर उलगडलं आणि माझं डोकंच सटकलं. त्यातल्या सगळ्या सावल्या गायब होत्या.

एकतीस वर्षं मी पनवेलच्या शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावर भाची रोशनीने मला कॉम्प्युटरवर फ्रॅक्टल करायला शिकवलं. फ्रॅक्टल म्हणजे एका गणिती सूत्रातून वाढत जाणारा आकार. जवळ जावं तितकी आत नवी कपार निघते, आणि तिच्यात आणखी एक. आकार सूत्र देतं, पण प्रकाश आपल्यालाच लावावा लागतो. सगळी मेहनत तिथे. कॉम्प्युटरमधला दिवा समोर ठेवला की चित्र न्हाणीघरातल्या टाइल्ससारखं सपाट होतं. तोच बाजूला नेला की कपारी खोल होतात.

माझ्या वडिलांचं मिठागर होतं. भर दुपारी मिठाच्या राशींकडे बघवत नसे, नुसता पांढरा झगझगाट. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात मात्र खडा न् खडा वेगळा दिसे. तो उजेड आणायला मी सोळा दिवस घालवले. मुख्य दिवा डावीकडे, अगदी खाली. मागून एक फिकट निळा. रंग तीनच: राखाडी, गढूळ हिरवा आणि कडांना थोडा गेरू.

चित्र रोडपालीच्या आमच्या नव्या समाज हॉलमध्ये रविवारी उद्घाटनाला लागायचं होतं. कमिटीला तिथे धबधबा हवा होता, परदेशातला, खाली हंस पोहत असलेला. मी हट्टाला पेटले. माझा धाकटा भाऊ महादेव कमिटीत आहे. तो वैतागून म्हणाला, "बाय, तुझा लावून बघू. रविवारी लोकांना नाय आवडला तर धबधबा लावनार. मंग आमाला बोलू नको."

आणि आज शुक्रवारी समोर हे. चित्र कसलं, भिंतीवरून ओघळलेला चुना. हे बघून धबधब्याला कोण नको म्हणणार होतं?

"दीपेश, काय केलंस हे?"

"काही नाही मॅडम, खूप डार्क होतं. शॅडो उचलले, थोडा ग्लो दिला. आता कसं फ्रेश वाटतंय."

"तुला सांगितलं कोणी?"

"सांगायला कशाला पाहिजे? आपल्याकडे आलेली प्रत्येक फाइल आधी ब्राइट करतो. नाही केली तर पार्टी बॅनर परत आणते."

मग मी काही राखून ठेवलं नाही. पनवेलमध्ये बॅनर नाही असा चौक दाखवा. वाढदिवस, निवड, हळद, काहीही असो, खाडीत आणि मिठागरात रापलेली आमची माणसं बॅनरवर चढली की पिठात घोळल्यासारखी दिसतात. शाळेत मी पोरांना ओरडून सांगायचे, अंगाला डबीतला गुलाबी रंग देऊ नका, आधी स्वतःचा हात बघा. "तुम्ही अख्खा तालुका गोरा करून ठेवलाय," मी म्हणाले. "आणि आता माझ्या चित्रावरही तोच हात फिरवलास. लाज कशी वाटत नाही?"

दीपेशने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "उद्या दुपारपर्यंत मूळ फाइल जशीच्या तशी छापून देतो," तो म्हणाला. मग त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "मग हेही जसंच्या तसं छापू का?"

स्क्रीनवर रविवारच्या स्वागताचा बॅनर होता. कमिटीची नावं, आणि मधोमध चित्रकार म्हणून माझा चेहरा. गुलाबी, गुळगुळीत, एक सुरकुती नाही.

"हे मी सांगितलं नव्हतं."

त्याने फोन पुढे केला. मंगळवारचा माझाच मेसेज होता: चेहरा जरा उजळ कर, डोळ्यांखालचं काळं काढ. चित्रातल्या कपारी गडद करत बसले होते, तेव्हाच मध्येच टाइप केला असणार. पाठवताना मला त्यात काही वावगंही वाटलं नव्हतं. राग आता काढायचा कोणावर? लाज वाटली, आणि त्या लाजेचाही संताप आला.

"मूळ फोटो दाखव."

रोशनीने तो खिडकीपाशी काढला होता. ऊन एका बाजूने पडलेलं. नाकाशेजारी काळी सावली, गालात खड्डा, गळ्याला घड्या, आणि रंग थेट वडिलांचा. दुसऱ्या कोणाचा चेहरा असता तर उजेड कसा पडतो ते शिकवायला मी तो वर्गात दाखवला असता. स्वतःचा होता म्हणून दीपेशकडे पुसायला दिला.

"असाच छापू?" दीपेशने विचारलं. "वीस फुटी आहे मॅडम. नाक्यावर लागणार."

"असाच छाप. आणि कोणी बदलायला सांगितलं, मी जरी सांगितलं, तरी ऐकायचं नाही."