लख्ख सुटलेली काच

ताई एकोणीस वर्षं एकाच कारखान्याच्या तपासणी खोलीत होती. तिथे काचा बसवायचं सिलिकॉन बनायचं. प्रत्येक घाण्यातून नमुना घ्यायचा, दोन काचपट्ट्या चिकटवायच्या, यंत्रात ओढायच्या. जोड पक्का असला तर सिलिकॉन स्वतः मधोमध फाटतं, पण काच सोडत नाही. त्या जोडात काचेच्या आणि सिलिकॉनच्या अणूंनी एकमेकांत इलेक्ट्रॉन वाटून घेतलेले असतात.

त्या मंगळवारी पाण्यात ठेवलेला नमुना निम्म्या ताणालाच सुटला. काच लख्ख, जणू तिला काही लागलंच नव्हतं.

"साहेब, बंध जुळवणारं द्रव्य कमी पडलंय. रेणू नुसते खेटून बसलेत. कोरडं आहे तोवर धरतील, पाणी शिरलं की सुटतील."

"पट्टी नीट पुसली नसशील. पुन्हा घे."

तिने तीनदा घेतलं. तीनदा तेच.

"गाडी दारात उभी आहे," साहेबांनी कागद पुढे सरकवला. "सही नसेल करायची तर उद्यापासून येऊ नकोस."

ताईने सही केली.

तिचा भाऊ सहा फुटी, तरी घरात बारक्याच. तो इमारतींना काचा बसवायचा. "तुझ्या सहीचा माल लावतो गं," म्हणून चिडवायचा. त्या घाण्याबद्दल त्याला सांगायला तिची जीभ रेटली नाही. इतक्या गाड्यांतली ती नेमकी त्याच्याच कामावर कशाला जाईल, असं तिने मनाला समजावलं.

आठवडाभराच्या पावसानंतर त्यानेच बसवलेली चौथ्या मजल्यावरची काच निखळली. खाली बारक्या बादली विसळत होता.

चौकशीचा निकाल आला: काच बसवणाऱ्याने ती नीट पुसली नव्हती.

ताई चौकशी अधिकाऱ्याकडे गेली, सगळं सांगितलं. नमुने कधीच फेकले गेले होते. त्याने कारखान्याची नोंदवही उघडली. "पास. सही तुमचीच ना?"

"माझीच."

"मग मी काय करू, बाई?"

तिथून ती भावजयीकडे गेली. उंबऱ्यातच सगळं बोलून टाकलं.

"चार महिने मी यांच्यावर चिडून आहे, ताई," भावजय म्हणाली. "एक काच धड पुसता आली नाही म्हणून. फोटोकडे पाठ करून झोपते मी."

ताईने हात पुढे केला. भावजयीने दार लावून घेतलं.

ताईने नोकरी सोडली. निकाल तसाच राहिला. दार काही पुन्हा उघडलं नाही.